हुल्डाला गेलेलं अभिनंदनाचं पत्र

वॉशिंग्टन, जुलै १९५४

आदरणीय सिग्रिडताई,

धाकट्या थोरवाल्डचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मेहुण्यांचा गहू गारपिटीतून वाचला का? माझी तब्येत ठणठणीत आहे. (पेपरात वेगळं छापून आलं असेल. त्या पेपरवाल्यांना काय धाड भरलीय!)

गावाकडून ऐकलंच असशील, आता माझ्याकडून ऐक. मतदारसंघात कुणाच्या घरी पाळणा हलला, की माझ्या कचेरीतून आईला अभिनंदनाचं पत्र आणि बालसंगोपनाची सरकारी पुस्तिका जाते. मी खासदार झालो तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं जातेय. कारकून गावचे पेपर वाचतो, बातमीतलं पहिलं नाव उचलतो आणि यंत्र माझी सही ठोकतं. यावेळी बातमी अशी होती, की हुल्डा एकस्ट्रॉमच्या घरी तिच्या भाचीच्या बाळाचं कौतुक झालं. पहिलं नाव हुल्डाचं! त्रेसष्ट वर्षांची, लग्न न केलेली, चाळीस वर्षं आपल्या चर्चचा ऑर्गन वाजवणारी बाई, आणि मी तिला लिहितो, 'नव्या मातेचं अभिनंदन, बाळाच्या वडिलांनाही शुभेच्छा.' बरं, आलेलं पत्र घरी उघडावं की नाही? चष्मा विसरली म्हणून तिनं ते चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी, पाद्रीसाहेबांच्या बायकोकडून मोठ्यानं वाचून घेतलं! (आणि त्या माउलीनंही मधे कुठे थांबू नये?)

आता माझ्याविरुद्ध उभा राहिलेला तो पेंडविक्या डेल कुबिक रोज रेडिओवर हेच पत्र वाचतोय. पुढच्या मंगळवारी पक्षाची उमेदवारी ठरणार. पडलो, तर बावीस वर्षांची खुर्ची गेली. सल्लागार म्हणतात, "साहेब, माफीचे दोन शब्द बोला आणि मोकळे व्हा." हट्! धरणाच्या भांडणात मी स्वतःच्या पक्षाला जुमानलं नाही, आणि आता कारकुनाच्या चुकीपायी नाक घासू? गेल्या रविवारी मुद्दाम गावी जाऊन चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलो. (तू आली नाहीस, एका करमणुकीला मुकलीस.) हुल्डानं शेवटचं वादन पाऊण तास लांबवलं. ते संपेपर्यंत आपल्यात कुणी उठत नाही, त्यामुळे सगळं गाव माझ्या टकलाकडे बघत बसलं. मी तसूभर हललो नाही. माफी मुळीच मागणार नाही. खुर्ची गेली खड्ड्यात!

तुझा ताठ मानेचा भाऊ,
थोरवाल्ड

ता. क. – ते खड्ड्याचं कुबिकच्या बायकोजवळ बोलू नकोस.

दुसरा ता. क. – आत्ताच हुल्डाचं पत्र आलं. लिहिते, "मत तुलाच देणार, त्या कुबिकला धड गाता येत नाही. पुस्तिका भाचीला उपयोगी पडली. पण या रविवारी सगळ्यांसमोर माफी मागितली नाहीस, तर तुझ्या अंत्यविधीला मी ऑर्गन वाजवणार नाही. आणि मी काही तुझ्याआधी मरत नाही." ताई, खुर्चीवाचून जगेन गं मी, पण वाजंत्रीवाचून पुरलं जाणं मला सोसायचं नाही. सकाळपासून आरशासमोर तो शब्द घोकतोय, घशातच अडकतो मेला. मेहुण्यांना गाडी काढायला सांग, रविवारी ये आणि माझ्या शेजारी बस. मी उठलो नाही, तर ढोसून उठव.