आमचं घर लहान आहे

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

सप्रेम नमस्कार. मी सुखरूप पोचले. हे तुला माहीत आहे, कारण विमानतळावर टॅक्सीच्या रांगेत तू माझ्यापुढे दोनच माणसं सोडून उभी होतीस. तरी पत्र असंच सुरू करायचं असतं, म्हणून केलं.

फोन तू उचलत नाहीस. शेवटी तुझ्या शेजारणीला गाठलं, तेव्हा कळलं की तू पुतणीकडे गेलीयस. पत्ता तिनेच दिला. ‘भांडलात की काय?’ असं विचारत होती. मी म्हटलं, छे हो, या वयात कसली भांडणं.

माझं ठीक चाललंय. पायाचे फोड सुकले. सोमवारपासून प्रेसमध्ये जाते आहे. मी नव्हते त्या आठवड्यात पाककृतींचं एक पुस्तक मी प्रुफं तपासल्याशिवाय छापून गेलं. त्यात ‘मन लावून ढवळावे’च्या जागी ‘मान लावून ढवळावे’ असं आहे. एका कान्याने बायकांच्या माना कढईत घातल्या. फोरमन म्हणाले, ‘बाई, आता तुम्ही कुठे जाऊ नका.’ मी म्हटलं, नाही जाणार.

जो तो विचारतो, ट्रिप कशी झाली. मी ‘छान’ म्हणते. ‘छान’ हा शब्द सोयीचा आहे, कुठेही बसवला तरी समासात कुणी खूण करत नाही. आणि झालीच की छान. हौसेला मोल नसतं म्हणतात. आपल्याकडे मोलच कमी होतं, हौस तू दोघींच्या वाटची आणली होतीस. पाचवा मजला, लिफ्ट नाही. जाहिरातीत ‘शहराचे विहंगम दृश्य’ लिहिलं होतं ते बाथरूमच्या झरोक्यातून, तेही स्टुलावर चढल्यावर. आठ खाटांची खोली, सहा परक्या पोरी आणि आपण दोन म्हाताऱ्या. तू वरच्या खाटेवर चढलीस आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सहाही जणींना ओळीत उभं करून कवायत घेतलीस. भाषा कुणाची कुणाला कळत नव्हती, पण तुझ्या शिट्टीवर हात बरोबर वर-खाली होत होते. तीस वर्षं शाळेत पोरं उन्हात उभी केलीस, ती सवय तू निवृत्त झालीस म्हणून जाते थोडीच. मी खालच्या खाटेवरून बघत होते. मी हसले असेन. हसायची जागा होती ती.

फुकट काय काय बघितलं, तेही सगळ्यांना सांगते. गुरुवारचं संग्रहालय, तो घुमट, पुलावरचा बाजार. घुमटाखाली उभं राहून तू ‘अगं, वर बघ, वर बघ’ करत माझी हनुवटी धरून वर केलीस. मी वर पाहिलं. वर घुमट होता. याहून जास्त मला काही सांगता येणार नाही, आणि त्यात घुमटाचा दोष नाही.

फोटो प्रेसमध्ये दाखवले. पानं लावणारा ऑपरेटर म्हणाला, ‘बाई, मधे कुणाला कापलंत का?’ म्हणून मी ते परत पाहिले. पुलावर, कारंज्यापाशी, घुमटासमोर, सगळीकडे आपण दोघी दोन कडांना, आणि मधे एक माणूस आरामात मावेल एवढी जागा. एका फोटोत तू माझ्याकडे सरकताना दिसतेस. म्हणजे मीच पुन्हा बाजूला होत असणार. मला आठवत नाही.

स्वेटरचं मनाला लावून घेऊ नकोस. जुनाच होता.

तुझ्या घरमालकाने तीस तारखेपर्यंत जागा सोडायला सांगितलीय, त्याचं काय ठरवलंस? पुतणीकडेच कायमची राहणार का? तिचं घर मोठं आहे म्हणतात. तुझी सोय होईल. कळव.

तब्येतीला जप. घरात सर्वांना नमस्कार.

तुझी,
कानामात्रा


ता. १५ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझं कार्ड मिळालं. ‘पत्र पोचले. स्वेटरबद्दल मनापासून दिलगीर आहे. महिनाअखेरीस सामान पुतणीकडे हलवीत आहे.’ तीन वाक्यं. आल्या आल्या सवयीने पेन घेतलं आणि चूक शोधायला बसले. एकही नाही. ‘दिलगीर’ची दुसरी वेलांटीसुद्धा जागेवर. पन्नास वर्षांत तू मला ऱ्हस्व-दीर्घ बघून पत्र लिहिलेलं नाहीस. तिसरीत असताना बाकाखालून चिठ्ठी दिली होतीस, ‘तु माझि मैत्रिण का’, आणि मी ती लाल पेन्सिलने दुरुस्त करून परत पाठवली होती. त्याच दिवशी तू माझं नाव कानामात्रा ठेवलंस. आता तू शब्दकोश घेऊन बसलीस, परक्या माणसाला अर्ज लिहावा तशी.

पेनाला टोपण लावलं. मग ठरवलं, मागच्या पत्रात जे टाळलं ते लिहायचं.

पाचव्या दिवशी आपण उलट्या दिशेच्या ट्रॅममध्ये बसलो. नकाशा माझ्याकडे होता, तेव्हा चूक माझी. शेवटच्या थांब्यावर उतरलो तर पाऊस, आणि आसऱ्याला ते एकच दुकान, आपले कपडे आपणच धुवायचं. भिंतीला मशिनांची रांग, समोर बाक, कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालणारी बाई. ओलेचिंब होतो. त्या बाईने दोन टॉवेल दिले. तू माझ्या अंगावरचा स्वेटर ओढून काढलास, ‘गारठशील गं’ म्हणत, आणि बाकीच्या कपड्यांबरोबर मशिनात टाकून गरम वाऱ्याचं बटण दाबलंस. तो ह्यांचा होता, कोपरांना ठिगळं मी लावली होती, आणि फेब्रुवारीत हे गेल्यापासून मी तो जवळजवळ रोज घालत होते, हे तुला माहीत होतं. पण बटणावरची भाषा तुला माहीत नव्हती. मलाही नव्हती, पण स्वेटर कुणाचा तेही माहीत नसल्यासारखी मी बसून राहिले.

कपडे गरगर फिरत होते. मशिनाकडे बघत तू म्हणालीस, ‘कानामात्रे, एक विचारू? चिडायचं नाही.’

‘विचार.’

‘घरमालकाने जागा सोडायला सांगितलीय. पुतणी बोलावतेय, पण तिला आत्या नकोय गं, मुलं सांभाळायला बाई हवीय. तुझी ती मधली खोली रिकामी आहे. आपण दोघी एकत्र राहू या का? मी स्वयंपाक करीन. बरा करते आता.’

हे सांगायला तू मला इतक्या लांब आणलं होतंस, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. घरी विचारण्याची छाती होत नव्हती तुझी. साऱ्या शाळेला धाकात ठेवणारी तू, आणि आवाज असा, शिक्षा झालेल्या मुलीसारखा.

मी ‘रिकामी’ या शब्दापाशी अडकले होते. त्या खोलीत ह्यांची खाट आहे, उशाशी औषधांचं टेबल आहे, अर्धी राहिलेली बाटली आहे. आठ महिने मी तिथे केरसुणीसुद्धा फिरवली नव्हती. ती रिकामी कशी?

तेवढ्यात मशीन थांबलं. तू स्वेटर बाहेर काढलास. आटून एवढासा झाला होता. ‘अगं बाई!’ म्हणालीस. मग छातीशी धरून बघितलास, आणि हसलीस. ‘घे! आता हा मलाच होईल.’

घाबरलीस की तू हसतेस. मुख्याध्यापकांच्या खोलीत हसलीस, आई गेली तेव्हा हसलीस. हे जगात फक्त मला ठाऊक आहे. त्या क्षणीही ठाऊक होतं. मला राग आला असता तर बरं झालं असतं, तुझ्यावर ओरडले असते, आणि तूही ओरडली असतीस. पण राग आला नाही. काहीच आलं नाही. कुणी चौकशीच्या खिडकीतून बोलावं तसं मी म्हणाले, ‘आमचं घर लहान आहे.’

तुझं हसू थांबलं. ‘आमचं म्हणजे तुझं आणि कुणाचं गं?’ तू हळूच विचारलंस. टोमणा नव्हता तो. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘आमचं म्हणजे आमचं,’ मी म्हणाले.

टॉवेलवाली बाई आपल्याकडे पाहत होती. भाषा कळत नसूनही तिला बहुतेक सगळं कळलं. त्यानंतरचे दोन दिवस आपण मुलखाच्या सभ्य होतो. ‘पाणी घेणार?’ ‘नको, थँक्यू.’ मी तुला थँक्यू म्हटलं, भिंगरे.

आता खरं सांगते. स्वेटरचं मला वाईट वाटलं नाही. तेच तर भयंकर होतं. आठ महिन्यांत मला कशाचंच वाईट वाटलेलं नाही. लोक भेटायला आले तेव्हा त्यांच्या चहात साखर किती, एवढंच बघत होते. तुलाही मी हे सांगितलं नव्हतं. तू माझ्याकडे राहायला आलीस तर तुला रोज दिसलं असतं, की ही बाई रडत नाही, आत काही हलतच नाही हिच्या.

आणि दुसरं. दूधवाल्याला मी अजून ‘आम्हाला अर्धा लिटर’ म्हणते. गॅसवाल्याला ‘आमच्याकडे उद्या या’. एकटी माणूस, पण बोलणं दोघांचं. जोवर मी ‘आम्ही’ म्हणते तोवर हे शेजारच्या खोलीत आहेत, अशी मी माझी समजूत घातली होती. तू ‘आपण’ म्हणालीस आणि ती समजूत हलायला लागली, म्हणून मी तुला दाराबाहेर ठेवलं.

काल मधली खोली उघडली. औषधं केमिस्टकडे देऊन आले. खाटेवरची गादी उन्हात टाकली. रडू येईल म्हणून तयारीत होते, पण शिंकाच आल्या, तासभर. मग तो स्वेटर घालून बघायची दुर्बुद्धी झाली. डोकं आत गेलं आणि गळ्यापाशी अडकलं, ना वर ना खाली, दोन्ही हात वर. अशी कवायतीच्या पवित्र्यात मी खोलीच्या मधोमध उभी, तोंडावर लोकर, आणि मनात आलं, आता भिंगरीची शिट्टी वाजल्याशिवाय हात खाली घेता येणार नाहीत. हसले. एकटीच, मोठ्याने, पोट दुखेपर्यंत. कशीबशी बाहेर निघाले आणि हे सांगायला वळले. भिंगरे, वळताना माझ्या तोंडात तुझं नाव होतं. ह्यांचं नव्हतं. ते लक्षात आल्यावर मी त्या खाटेवर बसले आणि मग मात्र शिंका नव्हत्या.

दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासण्यात माझा जन्म गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तीन शब्दांच्या पुढे एक ‘आहे’, एवढंसं वाक्य, आणि त्यातली चूक मी तशीच जाऊ दिली. ते वाक्य आज कागदावर लिहिलं आणि लाल पेन घेतलं. पहिला शब्द खोडला, समासात दुसरा लिहिला. बाकी कशाला हात लावला नाही, कारण बाकीचं खरंच आहे. न्हाणीघराचं दार अर्धंच उघडतं, स्वयंपाकघरात दोघी एकदम वळल्या तर एक जण भाजेल, आणि तुझा ट्रंकेएवढा रेडिओ कुठे ठेवायचा ते मला अजून सुचलेलं नाही. दुरुस्त वाक्य असं आहे:

आपलं घर लहान आहे.

तीस तारखेच्या आत ये. पुतणीला काय सांगायचं ते तू बघ. स्वेटर मधल्या खोलीत खुंटीला आहे, तुला होईलच. सकाळी सहाला शिट्टी वाजवलीस तर मी पोलिसात जाईन.

येणार की नाही ते चार ओळींत लिही. शब्दकोश मिटून लिही.

तुझ्या चुकांची वाट बघणारी,
कानामात्रा