स्वयंपाकघरात सगळेच साहेब

प्रिय ताई,

नमस्कार. ('तीर्थरूप' लिहिलं की हार घातलेल्या फोटोत जाऊन बसल्यासारखं वाटतं, असं तू मागच्या पत्रात म्हणालीस, म्हणून तो शब्द गाळलाय. आदर जिथल्या तिथे आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कटकट आवाज येतो का? भावोजींचं ब्लड प्रेशर त्यांच्या स्वभावाच्या मानाने आटोक्यात असेल अशी आशा करते. इकडे सर्व क्षेम, असं पुढे लिहायची रीत आहे. पण ताई, ते लिहायला हात धजत नाही.

तू लिहिलंस, "बिझनेस कॉलेजची पोरं म्हणजे सुटाबुटातली, शिस्तीची. तुला काय गं, नुसतं किल्ल्या वाजवत फिरायचं." मलाही तसंच वाटलं होतं. आयुष्यभर दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाईला आता काय बघायचं राहिलंय? फुटलेली डोकी पाहिली, खाटेवर उभं राहून भाषण ठोकणारे बेवडे पाहिले, जुळं झालं म्हणून चक्कर येऊन पडलेले बाप पाहिले. तरी सांगते, या वसतिगृहाची रेक्टर झाल्यापासून माझा जो आ वासलाय तो अजून मिटलेला नाही. रुजू झाले त्या दिवशी दारात एक मुलगा उभा होता. अंगात घरातला बनियन, पायात रबरी चपला आणि गळ्यात टाय. (नुसता टाय! शर्ट वाळत घातला होता म्हणे.) त्याने माझा हात हातात घेतला, हलवला आणि म्हणाला, "मॅडम, स्वागत आहे. आपल्याकडून आमच्या अपेक्षा लवकरच कळवू." मी त्याच क्षणी त्याचं नाव टाय ठेवलं. आता सगळं कॉलेज त्याला तेच म्हणतं.

बाकीचीही त्याच माळेतली. एका पोरीला सणसणून ताप भरला होता. थर्मामीटर बघून मी आकडा सांगितला, तर तिने क्षीण आवाजात विचारलं, "हा सरासरीपेक्षा किती वर आहे?" एक जोडपं होतं, जिन्यात बसून हातात हात घालून अभ्यास करणारं. त्यांचं फाटलं. आता रडारड होणार म्हणून मी पाण्याचा ग्लास घेऊन धावले, तर दोघं एकमेकांशी हस्तांदोलन करून "पुढील वाटचालीस शुभेच्छा" म्हणत होती! (तासाभराने तो मुलगा गच्चीवर टाकीमागे उकिडवा बसून हमसून हमसून रडताना सापडला, तेव्हा कुठे मला हायसं वाटलं. ग्लास वाया गेला नाही.) पाणी गेलं का विचारलं तर म्हणतात, "पाण्यासंदर्भात सध्या आव्हान आहे." अगं, नळ कोरडा आहे म्हणा की! पण नाही. सरळ बोललं तर यांचे मार्क कापतात की काय कोण जाणे.

असो. मुख्य गोष्ट मेसच्या मावशींची आहे. मावशी म्हणजे इथली स्वयंपाकीण. स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत राहते, तिचं दुसरं घर नाही. आवाज भोंग्यासारखा आणि हाताला चव, खोटं कशाला बोलू, बेताचीच. भाजी एक तर कच्ची, नाहीतर तिची पार माती. पोरं तिच्या स्वयंपाकाला रोज नावं ठेवायची. टायने तर भिंतीवर तारे लावायला फळा टांगला होता, म्हणजे आज जेवणाला किती तारे. मावशी तो फळा काढून डुगडुगत्या पाटाखाली सारायची. तर या मावशीचा स्वयंपाकघरात साबणाच्या पाण्यावरून पाय घसरला आणि उजवा हात मोडला. मी फळकुटं बांधून तिला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून परत आणलं, तोवर डायरेक्टर साहेबांचा निर्णय झालेला. जेवणाचा ठेका बाहेरच्या माणसाला द्यायचा, तो बंद डबे आणून देईल, मावशीने आपलं सामान आवरावं.

साहेबांनी हे मेसमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं. मला वाटलं, पोरं आता टाळ्या पिटणार. इतके दिवस ज्यासाठी तारे मोजले ते न मागता मिळालं. पण झालं उलटंच. मावशी दारात प्लास्टरचा हात पोटाशी धरून उभी, तिच्याकडे कुणी बघेना. मग टाय उठला (त्या दिवशी शर्ट होता) आणि म्हणाला, "सर, आम्हाला एक आठवडा द्या. स्वयंपाक आम्ही करतो. मावशी राहू देत."

साहेब अडचणीत आले. तेच वर्गात शिकवतात ना, संकट म्हणजे संधी! आता संधी द्यायला नाही कसं म्हणणार? म्हणाले, "ठीक आहे. शनिवारी मी स्वतः इथे जेवेन. मग ठरवू." आणि मी, ताई, उभ्या जागी सटपटले. कारण यातल्या एकालाही चहा येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर चूल थंड आणि मीटिंग गरम. पदं वाटून झाली होती. एक बटाटा प्रमुख, एक कांदा सल्लागार, एक भात धोरण समिती, त्या समितीवर देखरेख करायला आणखी एक समिती. "आणि सोलणार कोण?" मी विचारलं. सगळे एकमेकांकडे असे बघायला लागले, जणू मी काही अश्लील विचारलं. नाश्ता दुपारी मिळाला. पाव होते, तेही न भाजलेले, कारण भाजण्याबाबत दोन गट पडले होते. भात धोरण समितीने तांदूळ धुणं हा वेळेचा अपव्यय असल्याचं ठरवलं, त्यामुळे भाताला गोदामाची चव आली. पहिल्या दिवशी भाजीत तीन खात्यांनी आपापलं मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक खात्याला वाटलं, दुसऱ्याने घातलं असेल. इथे एक मुलगा आहे, बापाच्या मोठमोठ्या फॅक्टऱ्या आहेत, त्याला सगळे वारसदार म्हणतात. त्याच्या हातात मी कोबीचा गड्डा दिला तर त्याने तो चारी बाजूंनी फिरवून बघितला आणि नम्रपणे विचारलं, "मॅडम, हा कुठून उघडतो?"

मावशी दारात स्टुलावर बसून ओरडायची. "अरे गाढवांनो, आधी तेल! पाणी नंतर! झाकण ठेव, झाकण!" टाय मान डोलवून म्हणायचा, "चांगली सूचना आहे, मावशी, नोंद घेतली." शेवटी तिने डाव्या हाताने डाव फेकून मारला. नेम चुकला, पण त्यानंतर झाकणं वेळेवर पडायला लागली. (मी काय करत होते विचारशील. भाजलेल्या बोटांना मलम, कापलेल्या बोटांना पट्टी. स्वयंपाकाचं म्हणशील तर मी जन्मभर दवाखान्याच्या डब्यावर जगलेली बाई, तुला माहितीच आहे.)

बुधवारी भडका उडाला. वारसदाराने बाहेरून गुपचूप जेवण मागवलं आणि ते टायने पाहिलं. मग काय, भर मेसमध्ये जुंपली. "तुला भूक म्हणजे काय ते माहीत तरी आहे का?" टाय किंचाळला. "आणि तू नुसता बोलतोस! तीन दिवसांत एक कांदा तरी चिरलास का?" वारसदार म्हणाला. ते खरंच होतं. टायचा चेहरा पांढरा पडला. त्याने सर्वांसमोर रीतसर राजीनामा दिला, सर्वांचे आभार मानले आणि निघून गेला. त्याच्या पाठोपाठ बटाटा प्रमुख गेला, समित्या बरखास्त झाल्या, आणि मला वाटलं, झालं. मावशी खोलीत जाऊन एका हाताने ट्रंकेत लुगडी भरू लागली. घड्या तिला जमत नव्हत्या. मी जाऊन घालून दिल्या.  

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली म्हणून गेले. एक एवढीशी मुलगी, जिला सगळे मुंगी म्हणतात, खाली बसून एकटी बटाटे सोलत होती. ही पोरगी वर्गात तोंड उघडत नाही, मीटिंगमध्ये तर तिला कुणी खुर्चीही दिली नव्हती. साल जाडजाड काढत होती, अर्धा बटाटा सालीबरोबर जात होता, म्हणजे येत तिलाही काही नव्हतं. पण ती सोलत होती. मी काही विचारायच्या आत वारसदार आला, घुटमळला, आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला. मग एकेक करत बाकीची आली. कुणी पद मागितलं नाही. शेवटी दारात टाय. पातेलं उतू जात होतं, झाकण धरायला फडका नव्हता, सगळे "अरे अरे" करत नाचत होते. टायने गळ्यातला टाय काढला, हाताला गुंडाळला आणि झाकण उचललं. तो टाय परत काही गळ्यात गेला नाही, ताई. आता खुंटीला असतो, तेलकट.

शनिवार आला. वाटलं होतं, दोन दिवसांत काहीतरी जमलं असेल. जमलं एवढंच की सगळं वेळेवर झालं. भात खाली करपला होता, म्हणून वरवरचा काढला. कोबीच्या रश्श्याला रंग येत नाही म्हणून वारसदाराने तिखटाचा डबा उपडा केला. (त्याला वाटलं, तिखट रंगासाठीच असतं.) मी एक चमचा चाखला आणि मला दिवसा तारे दिसले, फळा नसताना. नवीन करायला वेळ नव्हता. साहेब येऊन बसलेसुद्धा.

आणि मग मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. ही पोरं, जी पावाच्या कडेवरून तक्रार करतात, ती सगळी ताटावर बसली आणि मुकाट जेवायला लागली. डोळ्यांतून धारा, नाकं लाल, कान पेटलेले. पण कुणी पाण्याला हात लावला नाही. एकाने उठून आणखी रस्सा वाढून घेतला. मग दुसऱ्याने. मग अख्खी रांग लागली. साहेबांनी पहिला घास घेतला आणि ते जागच्या जागी थिजले. शेजारच्या मुलाला घोगऱ्या आवाजात विचारलं, "रोज असंच असतं?" तो हुंदका गिळून म्हणाला, "आज जरा जास्त छान झालंय, सर."

साहेबांनी तांब्याभर पाणी संपवलं. मग म्हणाले, "मला बनवायला तुम्ही सगळे एक झालात. एवढी एकी मी वर्गात कधी पाहिली नाही. मावशींच्या जेवणाला तर तुम्हीच नावं ठेवत होता. मग हे कशासाठी?"

टाय बोलेल असं वाटलं, पण त्याच्या तोंडाला आग लागलेली. मुंगी उठली. इतक्या हळू बोलली की मागच्यांनी चमचे खाली ठेवले. "सर, इथे सगळे आम्हाला विचारतात, पुढे काय करणार. घरचेसुद्धा. मावशी फक्त विचारतात, जेवलीस का."

साहेबांनी ताट बाजूला सारलं. मग तिखटामुळे की कशामुळे, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, मावशी राहतील. तेवढ्यात मावशीने पुढे होऊन टायच्या ताटातला रस्सा चाखला, थू करून खिडकीबाहेर टाकला आणि गरजली, "मेल्यांनो! हे खायला घालण्यापेक्षा मला घालवली असती तर पुण्य लागलं असतं!" आणि स्टुलावर बसून पदराने डोळे पुसायला लागली. पोरं हसत होती, रडत होती, आणि आता कुठे पाणी पीत होती. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीपुढे पोट धरून रांग लागली, ती सरता सरेना.

तर ताई, अशी ही मुलं. हुशार आहेत की येडी, मतलबी आहेत की मायाळू, मला काही थांग लागत नाही. रोज नवीन धक्का बसतो आणि मी भिंतीला धरून उभी राहते. भावोजींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद, आणि गुडघ्यांची तिळमात्र हयगय करू नकोस.

तुझी,
अजून न सावरलेली धाकटी

ता. क. : 'पोटाची रांग' हा भाग भावोजींना वाचून दाखवू नकोस. ते असलं नेमकं जेवताना सगळ्यांना सांगत बसतात.

आणखी ता. क. : एक सांगायचं राहिलं. साहेबांनी मावशींना ठेवलं, पण अट घातली की हात बरा होईपर्यंत स्वयंपाकघर कुणीतरी जाणकार माणसाने सांभाळावं, नाहीतर पोरांचं पोट आणि कॉलेजचं नाव दोन्ही जाईल. "आहे का असं कुणी?" त्यांनी विचारलं. आता तू कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये इतकी वर्षं शेकडो माणसं जेवू घातलीस, आणि रिटायर झाल्यापासून भावोजींच्या दोन वाट्यांचा स्वयंपाक करून कंटाळलीस, हे तूच मला फोनवर म्हणाली होतीस ना? माझ्या तोंडून तुझं नाव निसटलं. मी तोंडावर हात ठेवला, पण तोवर मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. भावोजींना घेऊनच ये. ते बसल्या जागेवरून सगळ्यांना सूचना करतात खरे, पण इथे तसली माणसं इतकी आहेत की एक वाढलेला कुणाच्या लक्षातही येणार नाही.

शेवटचं ता. क. : आधी लिहिणार होते, "येशील का?" पण टायने पत्र वाचून ते खोडायला लावलं. म्हणतो, समोरच्याला येणार का असं विचारायचंच नसतं, त्याला नाही म्हणायला जागा मिळते. तर ताई, सकाळच्या गाडीने येतेस की दुपारच्या?