पट्टा कोणाच्या मनगटावर होता

३ मार्च

चि. ठोंब्यास आजीचे आशीर्वाद.

वि. वि. बसच्या ड्रायव्हरकडे दिलेलं तुझं पाकीट मिळालं, आतला काळा पट्टाही मिळाला. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुझे आजोबा फोन उचलत नाहीत, तेव्हा पत्रच बरं. पण तुझं पत्र दोनदा वाचलं तरी डोक्यात शिरेना. तुमच्या कचेरीत विम्याचे अर्ज तपासत दिवसभर खुर्चीत बसायचं, आणि त्यानं काळीज बिघडू नये म्हणून रोज आठ हजार पावलं चालायची. ती हा पट्टा मोजणार. वर दुपारी घंटा झाली की साहेबासकट सगळ्यांनी खुर्चीमागे उभं राहून हात वर करायचे. मग मुळात बसवतात कशाला, ते तू लिहिलं नाहीस.

तुझी गाडी अडीच हजारावर अडते आणि तुझ्यापायी कचेरीच्या शर्यतीत तुमचा अख्खा गट खाली जातो, म्हणून आठवडाभर पट्टा मी बांधायचा. ही लबाडी आहे, हे तुलाही कळतं नि मलाही. बांधते. सात दिवसांचं मोजमाप पट्ट्याच्या पोटात राहतं म्हणतोस, तर सात दिवसांनी परत धाडीन. आजोबा बरे आहेत, आरामखुर्ची सोडत नाहीत. तू कोणावर गेलास ते दिसतंच आहे.

वेळेवर जेव, एवढं केलंस तरी पुष्कळ.
तुझी आजी

१४ मार्च

ती. आजीस शि. सा. न.

पावलं बघून साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग कचेरीच्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. आजी, हा पट्टा छातीचे ठोकेही टिपतो, हे मला ठाऊकच नव्हतं. बाईंनी कागद पुढे ठेवला. पाच दिवस, रोज दुपारी तीन ते चारच्या मध्ये ठोके अडखळतात, क्षणभर थांबतात नि मग धावत सुटतात. त्यांनी मला जागचं हलू दिलं नाही, तिथंच तपासलं. माझे ठोके अगदी सरळ. बाई बुचकळ्यात पडल्या. शेवटी मी खरं काय ते सांगितलं. बोलायचं ते बोलल्या, पण म्हणाल्या, ज्याच्या हातात पट्टा होता त्याला आधी दवाखान्यात न्या, आज-उद्या करू नका.

ते ठोके तुझे आहेत, आजी. जिना चढू नकोस. रजा मागितली आहे. उत्तर उद्याच्या बसनं पाठव.

तुझा, चुकलेला,
नातू

१५ मार्च

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

ते ठोके माझे नव्हेत. तू एक लबाडी केलीस, मी तिच्यावर दुसरी केली. माझी आठ हजार दुपारच्या जेवणाआधीच पुरी होत. म्हटलं, पट्टा रिकामा का ठेवा. रोज तीनला तो मी आजोबांच्या हातावर बांधायची, त्यांना मागच्या गॅलरीत फेऱ्या मारायला पिटाळायची आणि मग जरा आडवी व्हायची. चारला उठून सोडवून घ्यायची. म्हणजे ठोके त्यांचे.

त्यांना सांगितलेलं नाही. पट्टा गेल्यावरही चालू ठेवलेल्या फेऱ्या काल बंद केल्या, हातात चहा दिला, तर ते माझ्याकडे संशयानं बघत राहिले. ज्याचं काळीज मध्येच थांबतं तो माणूस निवांत संत्री सोलत बसेल का, हे बाईंना विचार. मला काही सुधरत नाही. आज भाजीत मीठ दोनदा पडलं.

रजेची वाट बघू नकोस, निघ.
आजी

१६ मार्च

ती. आजीस शि. सा. न.

बाई म्हणतात, हे जुळत नाही. त्या तासाभरात कागदावर एकही पाऊल नाही. आजोबा फेऱ्या मारत होते तर पावलं कुठं गेली? ज्याचे ठोके आहेत तो माणूस त्या वेळी पडून होता, असं त्या खात्रीनं सांगतात. तू आजोबांनाच नीट विचार. उद्या दुपारी मी पोचतोच.

काळजीत असलेला,
नातू

१७ मार्च, सकाळ

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

हे पत्र ड्रायव्हर तुला तिकडच्या स्टँडवरच देईल. बसनं येऊ नकोस, दवाखान्यात जायला मोटार ठरवून आण.

तुझं पत्र आजोबांपुढे धरलं. आधी चष्मा पुसला. मग सांगितलं. माझा डोळा लागला की ते गॅलरीतून आत यायचे, पट्टा सोडून माझ्या मनगटावर बांधायचे आणि चारच्या आत परत स्वतःच्या हातावर चढवायचे. विचारलं, का. तर म्हणाले, चालायचा कंटाळा एक, आणि आपल्या छातीत काही निघालं तर ते पट्ट्याला कळेल ही भीती. म्हणजे निघालं ते माझ्या छातीत. दुपारी उठताना गरगरतं खरं. मी ते वयाच्या नावावर टाकत होते.

हे सांगितल्यापासून ते माझं डावं मनगट धरून ठोके मोजताहेत. चुकतात, पुन्हा एकपासून धरतात. सोडा म्हटलं, तर म्हणाले, मध्ये बोलू नकोस. कागद धरायला मला हात उरलेला नाही, म्हणून अक्षर असं तिरकं गेलंय. समजून घे.

लोभ आहेच, आधी मोटार आण.
आजी