डावीकडे ओढणारी गाडी

४ नोव्हेंबर
छोट्या ट्रकचे पुढचे शॉकअप आणि चाक धरून ठेवणारा खालचा आर्म बदलून झाला. मेकॅनिक कुरामोची म्हणतो, आता शहरात नेऊन अलाइनमेंट करून घ्या. उभा जन्म नुसत्या नजरेने संत्र्याची झाडे एका ओळीत लावली. आता माझी चाके सरळ आहेत की नाही, ते मशीन सांगणार. शिसारी येते. जुने काढले, नवे घातले, जागा तीच. वाकडे व्हायला कारण काय?

५ नोव्हेंबर
गाडी किंचित डावीकडे जाते. रस्त्यालाच गटाराकडे उतार आहे. नगरपालिकेचे घाणेरडे काम.

७ नोव्हेंबर
बंदराच्या सपाट धक्क्यावरही डावीकडेच. समुद्राचा वारा.
सरळ जाताना स्टिअरिंग तिरके दिसते. त्यावर लाल टेप चिकटवली. टेप वर, म्हणजे गाडी सरळ. प्रश्न मिटला.

९ नोव्हेंबर
मुलगी सानाए मात्सुयामा शहरातून आली. दुकानापर्यंत माझ्या शेजारी बसली, येताना चालत आली. म्हणे, बाबा, गाडी खेकड्यासारखी चालते, वय झाले, लायसन्स परत करून टाका, शेजारच्या ओनिशीकाकांनी नाही का केले! ओनिशी! लायसन्स परत दिल्यापासून तो व्हरांड्यात बसून मांजराशी बोलतो. आणि डोंगरावरून संत्र्यांचे क्रेट कोण आणणार, मांजर?
पैज लावली. महिनाअखेर गाडीची सरकारी तपासणी आहे. पास झाली तर सानाएने लायसन्सचे नाव काढायचे नाही. नापास झाली तर मी आपल्या हाताने पोलीस ठाण्यात नेऊन देईन.
बायको म्हणाली, अहो, पैज राहू द्या, ते अलाइनमेंट करून घ्या. बायकांना हा शब्द कोणी शिकवला?

१३ नोव्हेंबर
दोन चाकांमधले अंतर पुढून आणि मागून बांबूने मोजले. बोटभर फरक. बांबू वाकडा होता. फेकला.
झोप नाही.

१९ नोव्हेंबर
डाव्या टायरची कड किसणीवर घासल्यासारखी झाली आहे. हल्लीचे रबरच भिकार. कुरामोचीने टायर पाहिला आणि काही न बोलता चहा प्यायला. किळसवाणा माणूस.

२८ नोव्हेंबर, दुपार
तपासणी. जमिनीत एक लोखंडी पाट असतो. स्टिअरिंग न हलवता त्यावरून चाके हळू न्यायची. पाट फार सरकला की वर फुली दिसते. फुली दिसली. पाटाला तेल जास्त झाले असणार.
तपासणाऱ्या बाई फारच गोड बोलल्या. आजोबा, फाटकाबाहेर दुकान आहे, चाके सरळ करून आणा, आजच पुन्हा बघू. मान खाली घालून गेलो. चहा गार व्हायच्या आत दुकानदाराने काम उरकले. माझी टेपही न विचारता सोलून काढली.
पुन्हा पाट. फुलीऐवजी गोल दिसला. पास! पैज जिंकलो. मध्यंतरी पाट पुसला असावा.

संध्याकाळ
घरी येताना गाडी सारखी उजवीकडे जात होती. दुकानदाराने बिघडवली, दुसरे काय.
अंगणात सानाए, बायको, शिवाय ओनिशी, सगळे वाट पाहत उभे. ऐटीत आत घेतली. इतके दिवस हाताला उजवीकडे दाबून धरायची सवय. हाताने दाबले. गाडी डावीकडे ओढेना. आधी सानाएच्या नव्या गाडीचे दार गेले, मग दगडी खांब आला.
कुरामोची आला, खाली वाकून चाक बघू लागला. नवा आर्म वाकला होता. उठून हात पुसत म्हणाला, "काका, गाडी सरळच होती हो."
सानाए पैज हरली, म्हणून तिने लायसन्सचे नाव काढले नाही. जेवतानाही नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरे.

२ डिसेंबर
लायसन्स देऊन आलो. स्वतःहून. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. क्रेट आता कुरामोची आणणार. आणताना तोंड बंद ठेवणार, हेच वाईट.
येताना बस. बस डावीकडे ओढते. ड्रायव्हरला सांगितले. म्हणाला, आजोबा, बसा.
ओनिशीच्या व्हरांड्यात टेकलो. मांजराला सांगितले. ते निदान ऐकून घेते.