टाकीजची पेटी विकू नोको

दादा,

आज तू ही स्पीकरची पेटी बैलबंडीत घालून मोताळ्याच्या बाजारात विकाले नेनार, असं वहिनीनं सांगतलं. नेऊ नोको. आठ दिवसांपासून तू माह्याशी बोलत नाही, म्हणून लिहून ठेवून राह्यलो.

टुरिंग टाकीजचं भंगार घरात काऊन आणलं, असं तू साऱ्या गल्लीत विचारत हिंडला. आज सकाळी मी त्याले रेडिओ जोडला. आवाज असा निघाला का उतरंडीची मडकी थरथरली आन् म्हैस खुटा उपटून पळाली. तिलेच शोधाले चाललो.

पण खरी गोष्ट पुढंच हाये. माय चुलीपुढं बसली होती. बारा वर्षं आपण दोघं तिच्या कानाशी बोंबललो, तिनं कधी मान वळवली नाही. आज तिनं भाकर तव्यावर तशीच सोडली आन् माह्यावर खेकसली, "बंद कर बे मुडद्या, कान फुटले माहे!"

वहिनी साक्षीले हाये.

आता पेटी विकाचीच असीन, तर मायलेच विचारजो. टाकीजवाल्याचा माईक जोडून पेटीवर ठेवला हाये.

उकंडा