ह्यांच्या पायाशी बिशप

आदरणीय विहीणबाईंना, पायाला हात लावून नव्हे (वाकवत नाही), पण मनापासून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? माझे जागेवर आहेत, एवढंच म्हणता येईल. माझी लेक हल्ली तुमच्याशी गोड बोलते असं जावईबापू फोनवर म्हणाले. तिची तब्येत बरी आहे ना, तेवढं बघून घ्या. माझी पाटी तिसरीतच सुटली, तेव्हा एखादी ओळ लागली नाही तर सोडून द्या, अर्थ पुढच्या ओळीत सापडेल. पत्र लिहायला बसले कारण मी जिंकले आहे, आणि ते इथे कुणाला सांगायची सोय नाही.

तुम्ही इथलीच लेक, त्यामुळे आपलं चर्च तुम्हाला नव्यानं सांगायला नको. तरी सांगते, कारण शहरात गेल्यापासून तुम्हाला बरंच विसरायला होतं (मी धरून). उत्तरेची भिंत इतकी जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आडवा झोपेल. तिनं पाणी पिऊन पिऊन आतून हिरवा रंग धरला होता आणि त्या बाजूच्या बाकावर बसलं की प्रार्थना संपेस्तोवर पदर ओला. नव्या फादरनी (इतके कोवळे आहेत की त्यांना फादर म्हणताना मलाच अवघडतं) जुन्या इमारतींची नाडी बघणारे एक साहेब शहरातून बोलावले. साहेबांनी चर्च ठोकलं, हुंगलं, वेदीपुढे उताणं पडून छताच्या कमानी बघितल्या. मग सांगितलं, घंटेचा मनोरा आधीचा, चर्च त्याला मागाहून चिकटवलेलं, आणि बांधता बांधता उत्तरेची भिंत बाहेर कलायला लागली म्हणून तिला ते दगडी टेकू दिले. म्हणजे ज्या टेकूंना आपण जन्मभर शोभा समजत होतो ती कुणा गवंड्याची निस्तरलेली चूक निघाली. इथपर्यंत साहेब मला आवडले होते.

पुढे ते म्हणाले, भिंतीच्या कडेनं खोल चर खणायचा आणि पाणी रस्त्यापलीकडे काढायचं. त्यासाठी त्यांनी चुन्याची जी रेघ मारली ती थेट आमच्या ह्यांच्या कबरीवरून गेली, आणि पुढे शेजारच्या मोकळ्या जागेवरून, जी माझी. ह्यांना उचलून मागच्या नव्या दफनभूमीत ठेवणार, आणि मी जाईन तेव्हा मला मिळेल तिथे. विहीणबाई, सगळा संसार मी ह्या माणसाच्या डाव्या बाजूला झोपून काढला. आता कुणा अनोळखी विमा एजंटाशेजारी पडायचं का? फादर बिशपांकडे गेलेले, चर्चच्या कमिटीची सही होऊन चुकलेली. मग मी स्टूल घेतलं, विणकाम घेतलं आणि चुन्याच्या रेघेवर, ह्यांच्या दगडापाशी जाऊन बसले.

आता दगडाचं सांगायला हवं. चर्चची जुनी रीत अशी की मेलेल्याचं डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला आणि दगड डोक्याशी, म्हणजे शेवटच्या दिवशी उठला की तोंड उगवतीकडे. फक्त फादर लोकांना उलटं ठेवतात, कारण ते उठले की समोर त्यांची माणसं हवीत (उठल्या उठल्या प्रवचन, दुसरं काय). ह्यांना पुरलं तेव्हा डोक्याच्या बाजूला छपराचं पाणी पडून नुसता राडा झाला होता. घंटावाल्यानं विचारलं (घंटा तोच वाजवतो, खड्डेही तोच खणतो), दगड कुठे लावू? मी म्हटलं, पायवाटेच्या टोकाला लाव, मी चिखलात चपला घालून रडणार नाही. म्हणून ह्यांचा दगड पायांशी, पूर्वेला. आणि दगड तरी कसला, तर चर्चच्या मोठ्या दाराचा काढून टाकलेला उंबरा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी मध्ये खोलगट झालेला. नाव कोरलं नाही. जिवंतपणी ह्यांना स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, मेल्यावर कुठून येणार?

साहेब आले, मला उठवायला तोंड उघडलं, आणि त्यांना दगड दिसला. त्यांनी सूर्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, त्यातला खोलगटपणा बोटांनी चाचपला आणि गुडघ्यांवर बसले.

"आजी, हे धर्मगुरू आहेत. दगड पूर्वेला, म्हणजे डोकं पूर्वेला. आणि दगड एवढा जुना, म्हणजे या चर्चचे पहिलेच असतील."

मी खोटं बोलत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे (तुमच्या हातच्या चहाबद्दलसुद्धा बोलले नव्हते). साहेब विचारत गेले, मी सांगत गेले. यांच्याबद्दल गावात काही ऐकलंय का? म्हटलं, उपदेश फार करायचे, एवढं पक्कं माहीत आहे. राहणी कशी होती? अंगावर एकच सदरा, तो धुवायलाही देत नसत. लोक येत का यांच्याकडे? संध्याकाळी घोळका असायचा, आणि निघताना कुणाला धड चालवत नसे. साहेबांचे डोळे भरून आले. घंटावाला मनोऱ्याच्या दारातून सगळं ऐकत होता. ह्यांच्या कबरीखालच्या खडकातून चर त्यालाच खणायचा होता, त्यामुळे त्याचीही भक्ती जागी झाली. त्यानं टोपी काढली.

चर लगेच फिरवला, मनोऱ्याच्या बाजूनं काढला. तुम्ही म्हणाल, गावात कुणीच कसं बोललं नाही? अहो, ह्यांना खांदा द्यायला आलेले बहुतेक आता त्याच रांगेत आहेत, आणि जे उरलेत त्यांना कोरडे बाक हवे होते. फादर परत आले आणि मला म्हणाले, "आजी, तुमचे यजमान नक्की कुठे आहेत?"

"आहेत तिथेच आहेत, फादर."

त्यांनी भिंतीवर तळहात टेकून बघितला, वाळायला लागली होती, आणि विषय बदलला. दिसतात तेवढे कोवळे नाहीत.

मग रविवारी खुद्द बिशप आले. जो माणूस प्रवचन सुरू झालं की बाहेर कुंपणाच्या भिंतीवर बसून धूर काढायचा, त्याच्यासाठी अख्खं गाव गवतात गुडघ्यांवर. बिशपांनी वाकून दगडाला ओठ लावले, म्हणजे नीट पाहिलं तर ह्यांच्या अंगठ्यांपाशी. ते पाय धुवून पलंगावर घ्या म्हणून मी जन्मभर ओरडले, विहीणबाई. मी पहिल्या रांगेत होते आणि मान एवढी ताठ होती की अजून दुखते आहे.

तुमच्या व्याह्यांना असा मान मिळाला, तेव्हा तुमच्याकडचा आमचा मानही तुम्ही वाढवायला हरकत नाही. लेकीला आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमच्या सुनेची आई

ता. क. कबरीला लोखंडी कठडा बसवला. देखणा आहे. धर्मगुरूला शोभेल असा ऐसपैस घेतला, त्यात माझी जागा आत गेली. फादरना विचारलं तर म्हणाले, पहिल्या धर्मगुरूंच्या शेजारी बाईमाणूस कसं ठेवणार आजी, बिशप काय म्हणतील. आणि हे म्हणताना ते हसत होते.

आणखी ता. क. पत्र लिहायचं खरं कारण हे, की दक्षिणेच्या भिंतीशी, तुमच्या माहेरच्या ओळीत, तुमच्या भावानं तुमच्यासाठी कबरीची जागा राखून ठेवली होती. तुम्ही तर शहरात आमच्या व्याह्यांच्या कबरीजवळच जाणार, असं तुम्हीच चारचौघांत बोलला होता. ती जागा मला द्या. फादरना दोन ओळी लिहून पाठवा. त्यांनी कारण विचारलं तर गुडघ्यांचं सांगा.

शेवटचं. काल तिथे स्टूल टाकून बसून बघितलं. ऊन छान येतं, ओल नाही. ह्यांच्या आणि माझ्या मध्ये अख्खं चर्च येतं, पण त्याची काळजी नाही. माझी हाक ह्यांना चार शेतं ओलांडून ऐकू जायची. येत नसत, ते वेगळं.