आमच्या हिचे किस्से

४ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. आत्ताही एक पाय टेबलाखाली आणि एक दाराकडे, असं लिहितोय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

माझी चर्चमधली रविवारची प्रवचनं जोरात चाललीत. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ अशी माळच लावलीय. माणसं एकसारखी नसतात म्हणूनच संसाराला चव आहे, हे सांगायचं. उदाहरणासाठी लांब कशाला जायचं? आमची ही कोथमिरीच्या जुडीसाठीसुद्धा यादी करते, आणि मी यादी घेऊन गेलो तरी भलतंच घेऊन येतो. टॉवेलची घडी चुकली तर हिला प्रलय आल्यासारखा वाटतो, असं सांगितलं तेव्हा पोस्टमास्तर हसता हसता बाकावरून पडायचेच बाकी होते. लोक आनंदानं घरी जातात. पाळकाला आणखी काय हवं?

पण ताई, गेले तीन रविवार ही प्रार्थनेला आलेली नाही. आधी डोकं दुखतंय म्हणाली, मग पडदे धुवायचेत म्हणाली, तिसऱ्यांदा मीच विचारायला धजावलो नाही. पहिल्या बाकावरची तिची जागा रिकामी दिसली की माझं वाक्य मध्येच तुटतं. भांडण नाही, तंटा नाही. जेवायला वाढते, हवं-नको बघते. पण खोलीत मी आलो की तिला दुसऱ्या खोलीत काम निघतं. मी घरभर येरझाऱ्या घालतो. तिला डॉक्टरांना दाखवू का? तू शहाणी आहेस, काय ते कळव.

मेव्हण्यांना सलाम. थोरलेपणाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
भाऊ


९ फेब्रुवारी

ती. वन्संस,
सप्रेम सलाम वि. वि.

ह्यांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र मीच पेटीत टाकलं. आत काय असेल याचा अंदाज आहे, म्हणून माझंही चार ओळींचं.

मी आजारी नाही. इथल्या वाचनालयात अर्ध्या दिवसाची जागा निघाली होती. लग्नाआधी चार वर्षं मी तेच काम केलं, तुम्हाला ठाऊक आहेच. मोठ्या उमेदीनं भेटायला गेले. तिथल्या मुख्य बाई मला बघून हसायलाच लागल्या. म्हणाल्या, तुम्ही त्याच ना, टॉवेलच्या घडीवाल्या? मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारून यादीचा किस्सा मलाच ऐकवला. मीही हसले. काय करणार? अर्ज पर्समध्ये होता, तो तसाच परत घेऊन आले.

ह्यांच्या मनात वाईट नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण वन्सं, सतरा वर्षं झाली, या गावात मला कुणी काही विचारत नाही. सगळ्यांना मी आधीच पाठ आहे. आता तर ह्यांनाही.

महिनाभर तुमच्याकडे येऊ का? तुमच्या शिवणकामात काजं-बटणं करीन, हाताला काम हवंय. महिन्यानंतरचं अजून ठरलेलं नाही. ह्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आपली माया आहे, त्या बळावर लिहिलं.

आपली,
भावजय


१३ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. आ.

गणवेशांचा ढीग पडलाय, तरी मशीन थांबवून लिहितेय. डॉक्टरांना दाखवायचंच असेल तर तुझी जीभ दाखव.

तुझी बायको वाचनालयात नोकरी मागायला गेली होती. तिच्याआधी तुझे किस्से तिथे पोचले होते. बिचारी अर्ज न देताच परत फिरली. लहानपणी मी तोतरं बोलायचे, त्याची तू साऱ्या आळीत नक्कल केलीस. लोक हसले, तू फुशारलास. मी तो उन्हाळाभर अंगणात पाऊल टाकलं नाही. तुला आठवतही नसेल. हसणाऱ्याला कुठलं आठवायला!

ती माझ्याकडे येतेय. मी ‘ये’ म्हणून कळवलंय, परत कधी जाणार ते विचारलेलं नाही.

आता भर सभेत माफी मागायचा शहाणपणा करू नकोस. घरात माग, आणि मागताना हसवू नकोस.

रागावलेय, पण तुझीच आहे.

ताई


१ मार्च

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

ती तुझ्याकडे सुखरूप पोचली असेल. मी तुझं ऐकलं नाही. पत्र शनिवारी हातात पडलं, आणि रविवारी मी उभा राहून म्हणालो की, मी माझ्या बायकोचा अपराधी आहे. सगळी सभा खो खो हसली. त्यांना वाटलं, नवा किस्सा. मी हात वर केला तसे आणखी हसले. आणि नेमकी त्या दिवशी ती आली होती, शेवटच्या बाकावर. शांतपणे उठली आणि निघून गेली. हसणं कसं ऐकू येतं ते मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी तिनं बॅग भरली. मी ती उचलून बरोबर निघालो. वाटेत वाचनालयाशी तिनं मला बाहेर उभं राहायला सांगितलं, आत जाऊन अर्ज देऊन आली. आत काय झालं ते बोलली नाही, मीही विचारलं नाही.

बसथांब्यावर माझ्या तोंडात जे वाक्य येई ते विनोदीच. एकेक गिळत बसलो. शेवटी, माझं चुकलं, एवढंच म्हणालो. मग मी विचारलं, त्या चार वर्षांत वाचनालयात तू काय काय करायचीस? तिनं माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. हा पुढच्या रविवारची तयारी करतोय का, असं पाहत होती. मी मान खाली घातली. मग ती बोलायला लागली. पहिली बस गेली. दुसरीही गेली. तिसरीला ती चढली. परत कधी, ते ठरलेलं नाही.

काल प्रवचन नऊ मिनिटांत संपलं. पोस्टमास्तरांनी तब्येतीची चौकशी केली.

ताई, ती थांब्यावर काय काय बोलली ते तुला लिहायला हात नुसता शिवशिवतोय. सतरा वर्षांत मी ऐकलं नव्हतं असं काही सांगितलं तिनं, आणि त्यात एका जागी मला मोठ्यानं हसूही आलं. पण ते लिहिणार नाही. ते तिचं आहे. तिला वाटलं तर ती सांगेल.

तिला माझा सलाम सांग. न सांगितलास तरी चालेल.

तुझ्या मायेला अजून पात्र असलेला,
भाऊ